अमळनेरची हजेरी

१

सकाळचे दहा वाजले की जळगावच्या ऑफिसात हजेरी व्हायची. माणसांची नव्हे, गावांची.

कंपनी सरकीच्या तेलाची. मुख्य कारभार मुंबईला, खानदेशचं सगळं जळगावातून चाले. शहाण्णव साली कंपनीने इकडे चार गावांत छत्र्या बसवल्या: जळगाव, धुळे, जामनेर आणि अमळनेर. छत्री म्हणजे गच्चीवरची ती मोठी पांढरी डिश. सरकीचे भाव असोत की साहेबांची बोलणी, सगळं या छत्र्यांतून वर आकाशातल्या उपग्रहाला जायचं आणि तिथून दुसऱ्या गावच्या छत्रीत उतरायचं.

हजेरी अभिमन घेई. नववीत त्याची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे पंडितदाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं. दाजी स्वतः अमळनेरच्या तेलमिलवरची छत्री सांभाळत. अभिमन फार लाजरा. समोर माणूस आला की त्याचे शब्द तोंडातल्या तोंडात विरघळत. माईकपुढे मात्र कुणाचा चेहरा नसतो. तिथे त्याला मोकळं वाटे.

"धुळे?"

"शे."

"जामनेर?"

"शे."

मुंबईने शिकवलं होतं की 'ओके' म्हणा. पण पहिल्याच दिवशी दाजींनी आपल्या अहिराणीत 'शे' म्हणून टाकलं. शे म्हणजे आहे. ऑफिस सांभाळणारे रतिलालभाऊ हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. तेव्हापासून सगळीकडे तीच रीत पडली. जामनेरचा गुलाब घरी कधी 'शे' म्हणत नसे, त्यांची बोली वेगळी, पण हजेरीला तोही ऐटीत म्हणू लागला.

छत्रीच्या बोलण्यात एक गंमत होती. विचारलं की उत्तर लगेच येत नसे. आवाज इतका वर जायचा, खाली यायचा, तिकडचा माणूस बोलायचा, ते पुन्हा वर आणि पुन्हा खाली. एक आवंढा गिळण्याएवढी शांतता मध्ये पडायचीच. नवीन माणूस तेवढ्यात घाबरून दुसऱ्यांदा हाक मारी. अभिमनला ती शांतता आवडायची.

त्या सोमवारी ती पडलीच नाही.

"अमळनेर?"

"शे."

प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर. शेजारच्या खुर्चीवरून कुणी बोलावं तसं. आणि मग, नेहमीच्या शांततेनंतर, पुन्हा दाजींचा आवाज आला, "शे."

रतिलालभाऊंनी चष्मा वर केला. "काय रे पंडित, आज डबल हजेरी? एक मिलची आणि एक सासुरवाडीची?"

"भाऊ, मी तर एकदाच बोललो," दाजी म्हणाले.

"मग प्रतिध्वनी असेल."

अभिमननेही मनाशी तेच म्हटलं. प्रतिध्वनी येतात, यंत्र आहे. पण प्रतिध्वनी मागून येतो, आणि वेळेवर आलेला, म्हणजे दाजींचा असायला हवा होता तो, दुसरा आवाज होता. मग पहिला कुणाचा? या कोड्याशी त्याने फार वेळ खेळ केला नाही. पाणी प्यायला आणि भाव लिहायला बसला.

मंगळवारी तसंच झालं, बुधवारीही. गुलाब जामनेरहून चेष्टेने म्हणाला, "अमळनेरला जुळं झालं का काय!"

२

गुरुवारी सकाळी मुंबईच्या केंद्रातून सबनीस मॅडमचा फोन आला, साध्या पोस्टाच्या लाईनवर. सगळ्या छत्र्यांवर नजर ठेवण्याचं काम त्यांचं. रतिलालभाऊंनी अभिमनला ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला.

"तुमच्या बाजूने कोणीतरी दुसऱ्याच्या हद्दीत घुसतंय," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. उपग्रह एक आणि त्यावर भाडेकरू दोन. एका शिवारात दोघांची शेतं असावीत तसं. एका बाजूला ही कंपनी, दुसऱ्या बाजूला एक बँक, मध्ये जेमतेम पावलाएवढा बांध. सोमवारपासून त्या बांधावर एक डाग दिसत होता, कुणाच्या तरी आवाजाचा. त्याने बँकेचं काम अडत होतं. आकाशात भांडण झालं की नियम सरळ: आधी आलेला राहतो, नंतर आलेला हटतो. बँक आधीची. तेव्हा संध्याकाळपर्यंत दोषी सापडला नाही तर कंपनीच्या चारही छत्र्या बंद.

"आणि सापडला तर?" रतिलालभाऊंनी विचारलं.

"त्याची छत्री उतरवायची. माणूस कमी करायचा."

शोधायची रीतही सरळ होती. एकेका गावाला बंद करायचं. ज्याला बंद केल्यावर मुंबईच्या पडद्यावरचा डाग पुसला जाईल तो दोषी. धुळे बंद केलं, डाग होता तसाच. जामनेर बंद केलं, तसाच. जळगावची आपली छत्रीही बंद करून पाहिली, डाग हलला नाही, तेव्हा ती पुन्हा चालू केली.

"अमळनेर, बंद करा," अभिमन माईकमध्ये म्हणाला.

"करतो," दाजी म्हणाले.

"डाग आहेच," मॅडमचा आवाज चढला. "ते बंद करतच नाहीयेत!"

अभिमनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अमळनेर?"

"शे."

आवाज जातो छत्रीतूनच. छत्री बंद असेल तर तिथून कोणी बोलूच शकत नाही. म्हणजे दाजी खोटं बोलत होते, दुसरा अर्थच निघत नव्हता.

मिलचा पोस्टाचा फोन चार दिवसांपासून मुका होता. रतिलालभाऊ म्हणाले, "अभिमन, तू जा. तुझे दाजी आहेत म्हणून नाही पाठवत. तुला खोटं बोलता येत नाही म्हणून पाठवतोय. चारला मी हाक मारीन. तेव्हा छत्रीची आवाज पाठवायची वायर काढून तुझ्या हातात पाहिजे. तरी डाग राहिला तर पंडित सुटला. गेला तर मला काही करता येणार नाही."

सुरतेकडच्या पॅसेंजरमध्ये अभिमन दाराशी उभा होता. दाजींची नोकरी गेली की मिलच्या चाळीतली खोली जाणार. अक्का काय करेल? चार वर्षांची सुजाता? धरणगाव गेलं तरी त्याने तिकीट मुठीतून खिशात टाकलं नव्हतं.

३

छत्रीची खोली पेंडीच्या गोदामावर होती. जिना चढतानाच पेंडीचा तेलकट वास अंगाला चिकटला. दाजी यंत्राच्या टेबलाशी बसले होते, दाढी वाढलेली.

"जय भीम, दाजी."

"जय भीम. ये, बस. तुले धाडं का माले धराले?"

"तसं नही, दाजी."

"मग कसं शे?" ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मी बंद करेल व्हतं, अभिमन. सुजातानी आन."

आपल्या पोरीची शपथ दाजी कधी घेत नसत. अभिमनने मान खाली घातली. दाजी पुढे झुकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मालेबी ऐकू येस. मनाच, सोताना आवाज. मी बोलाना पहिले तो बोली जास."

चार वाजायला आले होते. अभिमन खिडकीतून गच्चीवर उतरला. उन्हाने सिमेंट तापलं होतं. छत्रीच्या पाठीशी दोन वायरी, एक आवाज घ्यायची आणि एक पाठवायची. पाठवायची त्याने ओळखली, आटे सोडले आणि तोंड मोकळं करून तशीच हातात धरून खोलीत आला. आता इथून आकाशात काहीच जाऊ शकत नव्हतं. ऐकू मात्र येणार होतं.

यंत्राचा स्पीकर खरखरला. रतिलालभाऊंचा आवाज आला, "अमळनेर?"

अभिमनने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"शे," स्पीकर म्हणाला.

दाजींचाच आवाज. तोच किंचित घोगरा, 'शे' ओढून म्हणण्याची तीच ढब. अभिमनने हातातल्या वायरचं मोकळं तोंड पाहिलं.

"अभिमन पोहोचला का?"

"पोहोचला, भाऊ. हा काय, समोर उभा आहे. घामाने नुसता भिजलाय बिचारा."

समोर? अभिमनने खोली पाहिली. टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. खोलीत दाजी आणि तो, दोघंच.

"शाब्बास," रतिलालभाऊ खुशीत बोलत होते. "मॅडम फोनवर आहेत. म्हणतात, बांधावरचा डाग सरकला आणि बरोबर अमळनेरच्या जागेवर येऊन बसला. बँकेची तक्रार मिटली. काय केलंत रे?"

"एक आटा ढिला होता, भाऊ. अभिमनने आवळला."

अभिमनने आटा आवळला नव्हता, सोडला होता. वायर काढून त्याने अमळनेरची जागा पुरती रिकामी केली होती आणि बांधावर तीन दिवस वाट बघत बसलेलं कोणीतरी त्या जागेवर येऊन बसलं होतं.

४

"लाव! वायर लाव, अभिमन!" दाजी ओरडले.

तो धडपडत गच्चीवर गेला. आटे बसेनात, बोटं घसरत होती. कसेबसे बसवले. आत दाजी माईक तोंडाला लावून ओरडत होते, "भाऊ, तो मी नाही! मी पंडित, मी इथे आहे!"

स्पीकरमधून एकच कल्लोळ उठला. एकाच गळ्यातून दोन माणसं बोलावीत तसा. मग रतिलालभाऊ, तुटक तुटक: "हे काय... दोन दोन आवाज... कोण आहे?"

"मी पंडित!" दाजी म्हणाले. त्याच्या आधी स्पीकरने तेच म्हटलं होतं, शांतपणे.

"थांबा. एकेक. पंडितच असशील तर..." आवाज फाटला.

"सुजाता," स्पीकर म्हणाला.

काय विचारलं होतं, अभिमनला कळलं नाही. मग रतिलालभाऊंचा प्रश्न आला, "तुझ्या पोरीचं नाव काय?"

"सुजाता! भाऊ, सुजाता!" दाजींना रडू फुटलं होतं.

आणि अभिमनला एकदम सगळं दिसलं. आकाशात जाऊन यायला आवाजाला वेळ लागतो. दाजी प्रश्न ऐकून मग बोलणार. त्यांचं उत्तर जळगावला आवंढाभर उशिराच पोहोचणार, आजवर पोहोचत आलं तसं. त्या दुसऱ्याला मात्र प्रश्न ऐकावाच लागत नव्हता. तो आधीच बोलत होता आणि तिकडे बरोबर वेळेवर पोहोचत होता. रतिलालभाऊंच्या कानात एक खरा माणूस होता आणि मागून येणारा त्याचा प्रतिध्वनी.

अभिमनने माईक हिसकावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाच्या हातातून काही हिसकावलं. "भाऊ, मी अभिमन! दाजी इथे आहेत, माझ्याजवळ! तो दुसरा..."

"काही कळत नाही," रतिलालभाऊ म्हणाले. "नुसती खरखर आहे. मॅडम विचारतात, मागाहून कोण चालू झालं?"

पलीकडून, पोस्टाच्या फोनमधून त्या माईकमध्ये शिरलेला मॅडमचा बारीक आवाज ऐकू आला. "आत्ता आला तो बाहेरचा. जागेवर आधीपासून आहे त्याला हात लावू नका. मी इथून कुलूप घालते."

"नका घालू!" अभिमन किंचाळला.

यंत्रावरचा हिरवा दिवा विझला. लाल लागला. दाजींनी बटणं दाबली, ठोकली, यंत्राला बुक्की मारली. दिवा लालच.

मग स्वच्छ, खरखर नसलेला रतिलालभाऊंचा आवाज खोलीभर झाला, "अमळनेर?"

"शे."

"हं. आता कसं छान येतंय."

५

जिना उतरताना दाजी पुढे होते, अभिमन मागे. ऊन कलतं झालं होतं, मिलचा पट्टा चालू होता, हमाल पेंडीची पोती वाहत होते. सगळं रोजचंच. अभिमन स्वतःला समजावत होता की हे यंत्राचं भांडण आहे. उद्या दाजींना घेऊन पॅसेंजरने जळगावला जायचं आणि रतिलालभाऊंसमोर उभं करायचं. जिवंत माणूस डोळ्यांसमोर असल्यावर कोण काय बोलणार?

"उद्या सक्काळनी गाडी, दाजी," तो म्हणाला.

दाजी थांबले, वळले. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. ओठ मिटले आणि मग आवाज आला, "व्हई. जाऊ."

अभिमन जागच्या जागी खिळला. दाजींनाही ते कळलं असावं. त्यांनी गळ्याला हात लावला. पुन्हा ओठ हलले, पुन्हा मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ गेला.

"माले काय व्हई राहिनं, अभिमन?"

"काहीच नही. ऊन लागनं. घर चला."

फाटकाशी पहारेकरी तोताराम नाना बसले होते. रोज दाजींना टोमणा मारल्याशिवाय ते बाहेर सोडत नसत. दाजींनी त्यांना हात केला. नानांनी अभिमनकडे पाहिलं आणि विचारलं, "काय पाव्हना, एकलाच?"

"नाना, हे काय, दाजी शेत ना!"

"पंडित तर कव्हयनाच घर गया. मनासंगे बोलीसन गया." नाना हसले. "आज मोठा खुशीमा व्हता."

दाजी त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ते ओरडत होते. अभिमन त्या ओरडण्याची वाट पाहत राहिला. हमालांची हाळी आली, पट्ट्याची घरघर आली, एक सायकल घंटी वाजवत गेली. दाजींचं ओरडणं आलंच नाही.

त्याने त्यांचं मनगट धरलं आणि चाळीकडे ओढत नेलं. मनगट गरम होतं. नाडी लागत होती. अभिमन मनात एकच गोष्ट घोकत होता, अक्का ओळखेल. सात वर्षं संसार केलाय तिने. ती ओळखेलच.

६

चाळीतल्या खोलीचं दार उघडं होतं. दारातून तिरकं ऊन आत गेलं होतं, निम्म्या खोलीपर्यंत.

उन्हाच्या पलीकडे, दाराकडे पाठ करून एक माणूस जेवायला बसला होता. दाजींचा निळा सदरा दाजींच्या अंगावर होता, अभिमनच्या हाताशी. आतल्या माणसाच्या अंगावरही तो होता. सुजाता त्याच्या पाठीला लोंबकळून हसत होती. अक्का चुलीपुढे भाकरी थापत होती, तिची मान खाली.

"ये, अभिमन, बस," तो माणूस म्हणाला. मान वळवली नाही.

अभिमनने अजून उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. हाकही मारली नव्हती.

सुजाता बोबड्या बोलात गोष्ट सांगत होती, मांजराची काहीतरी. ती हसायच्या जागेला यायच्या आतच तो हसला. ती आली आणि खुदकन हसली. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपली गोष्ट बापाला आधीच ठाऊक असावी, याचा तिला आनंदच होत होता.

दाजी उंबऱ्याशी आले. अभिमनला त्यांच्याकडे पाहवेना आणि पाहिल्याशिवाय राहवेना. ते आपल्या पोरीकडे बघत होते. त्यांनी हाक मारली असावी. ओठांवरून 'सुजाता' कळत होतं. पोरीने मान वळवली, सरळ त्यांच्या दिशेने पाहिलं आणि उन्हामुळे डोळे बारीक केले. मग परत त्या पाठीवर गाल टेकला.

"अक्का," अभिमन म्हणाला. "अक्का, वर देख. इकडे देख."

"थांब, भाकर जळई," अक्का म्हणाली. ती भाकरी उलटत होती.

आतल्या माणसाने घास मोडला. तोंडात घालण्यापूर्वी, सहज बोलावं तसं तो म्हणाला, "कोनीच नही."

कुणी काही विचारलं नव्हतं. अक्का तव्याकडे बघत होती, पोर गप्प होती. खोलीत ते उत्तर नुसतं पडून राहिलं.

उत्तर येऊन गेलं होतं. प्रश्न यायचा होता. तो आलाच नाही तर? अक्काने तो विचारलाच नाही तर? अभिमनने दाजींचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं. हाड लागलं. नाडी लागली, धावती. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

"काही विचारू नको, अक्का," तो पुटपुटला. "अक्का, काहीच विचारू नको..."

पण तो लाजरा माणूस, शब्द तोंडातल्या तोंडातच राहिले. अक्काने भाकरी टोपलीत टाकली, पदराने कपाळ पुसलं आणि उन्हावर हात धरून दाराकडे पाहिलं.

"अभिमन, तुनासंगे कोन शे रे?"

मनगटावरच्या त्याच्या मुठी मिटत गेल्या, मिटतच गेल्या, आणि नखं त्याच्याच तळव्यांत रुतली.